सशाला शाळेतून बोलावणं येतं

ज्या माणसाला ओळखीपाळखीचे सगळे ससा म्हणत, तो पोटापाण्यासाठी लोकांच्या कवळ्या बनवायचा. यात विनोद आहे हे त्याला कळत होतं. कळत नसतं तरी अडलं नसतं, कारण लोक तो रोज समजावून सांगायचे.

त्याचे दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आले, ते अशा थाटात आले की बाकीच्या दातांनी दबकून मागे सरकावं. ते आले त्याच आठवड्यात वर्गाने बारसं उरकलं. कोणी दप्तरात गाजर ठेवायचं, कोणी बाकावर गवताची जुडी. चित्रकलेच्या बाईंनी 'तुमचा आवडता प्राणी' असा विषय दिला की सगळा वर्ग बाकांवर वळून त्याच्याकडे तोंड करून बसायचा. बाई म्हणायच्या, "अरे, हलू नकोस, मुलांना काढू दे."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "दुर्लक्ष कर." त्याने दुर्लक्ष केलं. मुलांना वाटलं याला ऐकू आलं नाही, म्हणून ती मोठ्याने म्हणू लागली. मामा म्हणाला, "एकाच्या कानाखाली वाजव, बघ कसे लाईनीवर येतात." त्याने वाजवली. ज्याच्या वाजवली त्याला दोन भाऊ होते, हे मामाला ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, "पण दात आहेतच की पुढे, मग खोटं काय म्हणतात?" शेवटी प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर उभं केलं आणि हात मिळवायला लावला. समोरच्याने हात असा काही दाबला की सशाला पुढचे चार दिवस पेन धरता येईना. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, झाली की नाही मैत्री!"

टिकला तो बाबांचा सल्ला. बाबा म्हणाले होते, "तूच आधी हस. म्हणजे त्यांची हवाच जाईल." तेव्हापासून ससा हसायला शिकला. कोणी तोंड उघडायच्या आत तो "ह्या ह्या ह्या" करून मोकळा व्हायचा. त्या हसण्यात डोळे हलत नसत आणि वरचा ओठ दातांवरून सुटत नसे. हवा कोणाची गेली नाही. फक्त सगळ्यांची समजूत झाली की याला मजा येते.

मोठेपणी तो कवळ्यांच्या कामाला लागला. माणसाला मनासारखे दात बनवून मिळतात ही गोष्टच त्याला इतकी भारी वाटली होती. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाची लांबुळकी खोली. एका टोकाला प्लास्टरचे साचे, मधल्या टेबलावर मेणकाम, दुसऱ्या टोकाला पॉलिशची चाकं घरघरत असायची. फळीवर जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. मेणकामाला एक मावशी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेटता स्टोव्ह असल्यासारखी सदा सावध. आणि पॉलिशच्या चाकावर होता टोपी.

टोपीला टोपी म्हणायचं कारण उघडं होतं, ती कधी उतरत नसे. आत टक्कल होतं की केस, यावर पैजा लागायच्या, पण त्याच्यासमोर कोणी हूं की चूं करत नसे. सशाच्या बाबतीत मात्र टोपीची प्रतिभा धो धो वाहायची. सशाने डबा उघडला की भाजीत एक कवळी रुतलेली असायची, जणू आधीच कोणी जेवायला बसलंय. खुर्चीच्या पाठीला पांढऱ्या कापसाची शेपटी चिकटवलेली असायची. एकदा सशाच्या बुटांत पातळ प्लास्टर ओतून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याचा दगड झाला आणि ससा बाथरूमच्या रबरी चपला घालून घरी गेला. खोली हसली, ससा सगळ्यात आधी हसला.

तेव्हा मात्र तो मालकांकडे गेला होता. मालक पाघळले. म्हणाले, "अरे, आपण सगळे एक कुटुंब आहोत!" ससा म्हणाला, "हो, पण बूट—" मालक म्हणाले, "कुटुंबात थट्टामस्करी चालायचीच. आणि तू तर खेळकर माणूस. तुझ्याइतकं कोण हसतं इथे?" तरीही मालकांचं मन मोठं. त्यांनी भिंतीवर तक्रारपेटी लावली आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी म्हणून टोपीकडे दिली.

सशाचं लग्न झालं. बायको शहराच्या बसवर चालक. आवाज असा की मागच्या दारातला माणूस पुढच्या दारातून उतरावा. तिने त्याला कधी ससा म्हटलं नाही. 'अहो' म्हणायची, आणि त्या एका शब्दात तिला हवं ते सगळं बसायचं. मग लेक झाली. तिला दात येऊ लागले तसा ससा रोज सकाळी खिडकीशी तिला उभी करून तोंडात डोकवायचा. दात सरळ आले, एका ओळीत, शहाण्यासारखे. बायको म्हणाली, "झालं समाधान? आता तिला शाळेला जाऊ द्या."

समाधान कुठलं! चिडवायला दातच लागतात असं थोडंच आहे? लेक शाळेत जायला लागल्यापासून ससा संध्याकाळी दारातच तिला धरायचा.

"आज कोणी काही बोललं तुला?"

"नाही, बाबा."

"चिडवलं? नाव ठेवलं?"

"नाही रे बाबा."

"लपवू नकोस हां. सांग मला."

ती खांदे उडवून आत पळायची. सशाची खात्री होत चालली होती की पोर सोसते आहे.

आणि एका सकाळी शाळेतून फोन आला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, भेटायला बोलावलं होतं. वर्गातल्या चिडवाचिडवीबद्दल बोलायचंय, एवढंच सांगितलं.

ससा फोन ठेवून खुर्चीत बसला तो उठेचना. "बघ," तो बायकोला म्हणाला, "बघ! मी म्हणत नव्हतो?"

"अहो, काय झालंय ते तरी विचारायचं होतं."

"विचारायचं काय त्यात? मला नको सांगूस. मी या विषयात मुरलोय."

त्याने रजा काढली. लग्नातला कोट बाहेर काढला. आरशासमोर उभं राहून भाषणाची तयारी केली आणि बायकोला मोठ्या बाई बनवून समोर बसवलं. ती कामावर जायच्या घाईत, गणवेशाची बटणं लावत ऐकत होती. "छान आहे," ती म्हणाली, "पण इतकं ओरडू नका, बाईंना ऐकू येत असेल."

शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत आधीच माणसं होती. लेकीच्या वर्गशिक्षिका हातावर हात ठेवून उभ्या. कोपऱ्यात भिंतीला लागून एक अवाढव्य गृहस्थ. तो लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचा. पियानो आणि कपाटं उचलून त्याचे खांदे दारात मावत नव्हते. सशाने त्याला मनातल्या मनात पहाड म्हटलं. पहाडाच्या पायाशी एक बारकंसं पोर, तोंड मिटून, गाल फुगवून उभं. आणि खिडकीपाशी सशाची लेक, बुटांकडे बघत.

सशाने पोराकडे एक नजर टाकली. हाच तो गुंड! वाटत नाही, पण गुंड कधी वाटत नसतातच.

मोठ्या बाई म्हणाल्या, "या, बसा. विषय थोडा नाजूक—"

"मी आधी बोलतो," ससा म्हणाला आणि सुटला. चिडवणं म्हणजे गंमत नव्हे. ज्याला चिडवतात त्याच्या पोटात रोज सकाळी गोळा येतो. त्याला शाळेचा रस्ता नको होतो, आरसा नको होतो. आणि मोठी माणसं काय म्हणतात? दुर्लक्ष कर! इथे त्याने पहाडाकडे बोट रोखलं. "मी विचारतो, जे मूल असं वागतं त्याच्या घरी काय शिकवतात? आईबाप काय झोपलेत? मला त्या घराची कीव येते! त्या बापाला माझ्यासमोर उभं करा, मी त्याला विचारतो, लाज नाही वाटत?"

पहाडाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "किती बरं वाटलं ऐकून," तो म्हणाला. "मला असं बोलता आलं नसतं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आम्हालाही तेच म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "चिडवलंय तुमच्या मुलीने. या मुलाला."

सशाचं बोट अजून हवेतच होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला समजेना. शेवटी त्याने ते कोटाच्या खिशात घातलं.

झालं होतं असं. त्या पोराचं नाक श्वास घेताना बारीक शिट्टी वाजवायचं. तसं ते पहिल्या दिवसापासून वाजत होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. गणिताच्या तासाला वर्ग शांत असताना ते वाजलं आणि सशाची लेक मोठ्याने म्हणाली, "बाई, कुकरची शिट्टी झाली." वर्ग कोसळला. दुसरी वाजली, तिसरी वाजली, आणि ती म्हणाली, "तीन झाल्या. गॅस बंद करा." तेव्हापासून पोराचं नाव कुकर. आता त्याने नुसता श्वास घेतला तरी सगळा वर्ग मोजत बसतो.

हे ऐकून सशाच्या पोटातून जे वर आलं ते हसू होतं. खरंखुरं. त्याने ते खोकल्यात मिसळायचा प्रयत्न केला, पण एक फवारा सुटलाच. इतकं नेमकं नाव! टोपीला जन्मात सुचलं नसतं. दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

गंमत म्हणजे त्याला कोणी रागावेना. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "लहान आहेत हो, चालायचंच. मुलगी हुशार आहे तुमची." पहाड नाक पुसत म्हणाला, "मी याला तेच सांगतो, दुर्लक्ष कर. तूही हस म्हणावं त्यांच्याबरोबर." मोठ्या बाई म्हणाल्या, "दोघांनी हात मिळवा, म्हणजे विषय संपला." दार उघडं होतं. मान डोलवली असती तर ससा पाच मिनिटांत बाहेर पडला असता. तो मान डोलवणारच होता.

तेवढ्यात त्याचं लक्ष पोराकडे गेलं. पोराने तोंड अजून तसंच मिटलेलं होतं, गाल तसेच फुगलेले, आणि चेहरा आता जांभळट पडत चालला होता. ते श्वास धरून उभं होतं. सगळे आपल्याबद्दल बोलत असताना शिट्टी वाजू नये म्हणून. सशाचा वरचा ओठ आपसूक दातांवर गच्च बसला.

"अरे, श्वास घे!" तो ओरडला.

पोराने दचकून श्वास घेतला. लांबलचक शिट्टी वाजली. ती कोणी मोजली नाही.

"हात नको मिळवायला," ससा म्हणाला. "हात मिळवून काही होत नाही. हातच दुखतो." मग तो कोटासकट जमिनीवर उकिडवा बसला. पोराचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. "तुला काय हवंय रे? माझ्या मुलीने काय करायला हवं?"

पोराने बापाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. असा प्रश्न पेपरात येईल याची त्याने तयारी केली नव्हती. बराच वेळ शिट्ट्या वाजल्या. मग ते म्हणालं, "मला शाळेत श्वास घ्यायचाय."

"बरोबर आहे. आणि?"

"आणि शिट्टी वाजली की तिने उभं राहून म्हणायचं, माझी होती."

"बाबा!" लेक किंचाळली.

"किती दिवस?" सशाने पोराला विचारलं.

"आठवडाभर."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे शाळेच्या नियमात कुठे बसत नाही." पण नियमांत काय बसतं हे त्यांनाही पटकन आठवेना, तेव्हा त्यांनी मान्यता दिली.

घरी जाताना लेक पुढे, ससा मागे. चौकातल्या बाकापाशी ती थांबली. ससा शेजारी बसला.

"का गं म्हणालीस?"

तिने बुटाने एक खडा ढकलला. "सगळे हसले. मला वाटलं, आता मला कोणी काही म्हणणार नाही."

"तुला कोण काय म्हणत होतं?"

"कोणीच नाही. पण तू रोज विचारतोस ना, चिडवलं का, चिडवलं का. मला वाटलं चिडवणारच आहेत कधीतरी. म्हणून मग मीच आधी."

सशाला कोट एकदम काचायला लागला. त्याने तो काढून मांडीवर घेतला. आपण पोरीला छत्री देतोय असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, आणि पोरगी त्या छत्रीने दुसऱ्याला ढोसत होती. मग त्याने तिला सगळं सांगितलं, शाळेतलं, कारखान्यातलं, बुटातलं प्लास्टर, डब्यातली कवळी. घरी तो हे कधी बोलला नव्हता. सांगता सांगता सवयीने शेवटी हसलाही, "ह्या ह्या ह्या."

लेकीने तोंड वाकडं केलं. "शी, बाबा. हे कसलं हसणं? पोटात दुखतंय का?"

ते शब्द सशाच्या डोक्यात घर करून बसले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टोपीने विचारलं, "काय ससोबा, काल रजा? बिळात पाणी शिरलं वाटतं?" खोली हसली. ससा हसला नाही. त्याने काही ठरवलं नव्हतं, हसू यायलाच तयार होईना. तो साच्यात प्लास्टर ओतत राहिला.

खोलीचं हसू मधेच अडखळलं. सगळे सशाकडे बघू लागले. तो नेहमी आधी हसायचा. दुपारी डब्यात कवळी निघाली. सशाने ती काढली, धुतली, फळीवर ठेवली आणि जेवायला लागला. हसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आता मात्र कारखान्यात चिंता पसरली. एकाने संत्री आणून दिली. एकाने ओळखीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मालक स्वतः खाली आले, त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "बरं नाही का? घरी काही भांडण? अरे, तुझ्यामुळे वातावरण बिघडतंय."

मेणवाल्या मावशीने संध्याकाळी जवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "तुला ते सगळं आवडत नव्हतं?"

"नाही, मावशी."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मेल्या, मग हसायचास कशाला?" मावशी भडकली. "मला त्यात काही म्हणजे काही विनोद वाटायचा नाही. तू हसतोस, तुला वाईट वाटायला नको, म्हणून मी हसायचे! गाल दुखायचे माझे!"

तिने हसणं सोडलं. मग साचेवाल्यांनी सोडलं. बहुतेकांची तीच गत निघाली, प्रत्येक जण दुसऱ्याखातर हसत होता. आता टोपी एकटा पडला. शेपटी लावली तरी सामसूम, गाजर ठेवलं तरी सामसूम. एकाने तर ते गाजर उचलून खाऊन टाकलं. टोपी बेचैन झाला. आणि बेचैनीत त्याने आपली कला पणाला लावली.

त्याने झटपट घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे दोन पुढचे दात घडवले, बोटाएवढे लांब. प्लास्टिक पुरतं वाळायच्या आत स्वतःच्या दातांवर चढवले आणि दोन्ही हात छातीशी धरून उड्या मारत खोलीत आला. "मी कोण? ओळखा, मी कोण?"

कोणी मान वर केली नाही. टोपीने आणखी दोनचार उड्या मारल्या. मग खजील होऊन दात काढायला गेला, तर दात निघेनात. ओल्या प्लास्टिकने त्याच्या खऱ्या दातांच्या फटींत हातपाय पसरले होते आणि आता ते तिथे दगड होऊन बसले होते. त्याने ओढलं, पक्कड लावली, गरम पाण्याच्या चुळा भरल्या. दात ढिम्म.

"निघत नाहीत," तो म्हणाला. पण त्या दातांतून आलं ते, "निगत नाईथ!"

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले. बघता बघता ती स्टुलावर बसली, मग स्टुलावरून खाली बसली. सगळी खोली पोट धरून हसू लागली. ही बातमी वर पोचली आणि मालक जिन्यावरून धावत आले. "अरे वा! दोन दोन ससे!"

"हथू नका ना," टोपी म्हणाला. डोळे पाणावले होते.

"गंमत रे! मनावर कशाला घेतोस?" मालक म्हणाले आणि आणखी माणसं बोलवायला वर गेले.

टोपी सशासमोर येऊन बसला. बारीक कामाचं यंत्र सशाच्याच टेबलावर होतं. ससा अजून हसला नव्हता. ते काही मोठ्या मनाने नव्हे. यंत्र हातात होतं, हसला असता तर हात हलला असता.

"आ कर," तो म्हणाला.

काम सावकाश करावं लागलं. खोटा दात कापायचा आणि खऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. टोपीने भीतीने सशाचं मनगट धरून ठेवलं होतं. मधे थुंकायला थांबला तेव्हा तो पुटपुटला, "थगले हथतात ले."

"हो. हसतात."

"मला खाली चहावाल्याने पण... तो पण हथला."

"ओठ मिटून बोलायचं," सशाने सांगितलं. "थोडं कमी दिसतं. आता आ कर."

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा टोपीने जिभेने आपले दात चाचपले. उठला, जागेवर गेला आणि परत आला. "तुझं खरं नाव काय रे?" सशाने सांगितलं. टोपीने ते एकदोनदा म्हणून पाहिलं. "लांब आहे," तो म्हणाला, "पण म्हणता येईल." टोपी सुधारला असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याने पुढच्याच महिन्यात मावशीची नक्कल करून पाहिली. मावशीने हातातली मेणाची पळी नुसती वर उचलली आणि त्याने नक्कल आवरली. पण सशाला तो पुन्हा ससा म्हणाला नाही. मालक मात्र अजून म्हणतात. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत.

इकडे शाळेतला आठवडा काही सुरळीत गेला नाही. पहिल्या दिवशी लेक मान खाली घालून उठायची आणि "माझी होती" म्हणायची. पोरं हसायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत हसून कंटाळली. पण पोराला चटक लागली. त्याला कळलं की आपण नाकातून एक फुंकर मारली की ही ताठ उभी राहते. मग काय, गणिताच्या तासाला शिट्टी, भूगोलाच्या तासाला शिट्टी. ती बसते न बसते तोच पुन्हा शिट्टी. लेक घरी आली ती पायरीवरच फतकल मारून बसली. "बाबा, तो मुद्दाम वाजवतो! माझे गुडघे दुखतात!"

पुन्हा मोठ्या बाईंची खोली. पुन्हा पहाड, यावेळी लाजेने चूर. "माझ्या पोराने असं करावं!" तो म्हणाला. "मी तिला काय सांगू? दुर्लक्ष... नको, नाही सांगत."

"आता तुम्ही विचारा," ससा म्हणाला.

पहाड लेकीसमोर गुडघ्यांवर बसला. तरी तो तिच्यापेक्षा उंचच होता. "तुला काय हवंय, बाळा?"

"मला बसायचंय," लेक म्हणाली.

पोराने विचार केला. ठीक आहे म्हणाला. वर, त्याच्या शिट्ट्या तशा भारी होत्या असं लेकीने कबूल करावं, अशी त्याची अट होती. तिने ती अट मान्य केली, कारण ते खरंच होतं. दोघं मित्र वगैरे झाली नाहीत. दोघांना एकमेकांचा धाक बसला, आणि तोही काही वाईट नसतो.

या प्रकरणाची मोठ्या बाईंवर इतकी छाप पडली की त्यांनी पालकसभेत सशाला बोलायला उभं केलं. विषय होता, 'चिडवाचिडवी आणि आपण'. सभागृह भरलं होतं. ससा तोच कोट घालून उभा राहिला. मागच्या भाषणाचं काय झालं हे आठवून त्याने हे अगदी आखूड ठेवलं. "ज्याला त्रास होतो त्याला आपण खूप सांगतो," तो म्हणाला. "त्याला काय हवंय, तेवढं विचारायचं राहून जातं. बस, एवढंच." टाळ्या पडल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, हे गृहस्थ कवळ्यांच्या कारखान्यात असतात.

हे शेवटचं त्यांनी म्हणायला नको होतं. सभा संपली तशी सशासमोर रांग लागली. पहिल्या गृहस्थांनी जवळ येऊन "फार छान बोललात" म्हटलं आणि तोंड उघडलं. "ही मागची बघा हो, थंड पाण्याने कळ येते." दुसऱ्यांना सासूबाईंची कवळी जेवताना का निसटते हे हवं होतं. कोणी हिरड्या दाखवल्या, कोणी रुमालात गुंडाळून आणलेला तुटका दात. पहाडाने रांगेला शिस्त लावायचं काम अंगावर घेतलं. बायको आपली फेरी संपवून, गणवेशातच, दारात येऊन उभी राहिली आणि "अहो!" म्हणाली. ससा म्हणाला, "आलोच." आणि खिडकीतल्या उजेडात पुढचं तोंड बघायला वाकला.

रांग सरली. शेवटी एक बाई उरली, पर्स छातीशी घट्ट धरून उभी. सशाचे डोळे दुखायला लागले होते. त्याने सवयीने म्हटलं, "आ करा."

तिने केला. तो नीट बघत राहिला, वरची ओळ, खालची ओळ. "उत्तम आहेत की," तो म्हणाला. "कुठे दुखतंय?"

बाईने तोंड मिटलं. मागे कोणी ऐकत नाही ना हे बघून घेतलं.

"दातांचं नाही हो," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसात..."

सशाने बायकोला हातानेच 'बस जरा' अशी खूण केली आणि दोन खुर्च्या ओढल्या.